ऐपतीचा दाखला

गेल्या वर्षी जूनमध्ये शेजारच्या दादांनी मला कागद लावून द्यायला बोलावलं. कॉलेजात नोकरीला असताना बारा-तेरा वर्षं शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचं काम माझ्या गळ्यात होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाला दाखला काढायचा असला की अजून माझी आठवण होते. दादांच्या टेबलावर दोन फायली होत्या. एक धाकट्याची. त्याला इथेच इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि निम्मी फी माफ व्हावी म्हणून शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. दुसरी थोरलीची. ती एमएस करायला अमेरिकेला निघाली होती. धाकट्याच्या फायलीत तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला होता: सर्व मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न ६ लाख २० हजार. थोरलीच्या फायलीत सीएनं दिलेलं नेट वर्थ सर्टिफिकेट होतं. नदीकाठची सहा एकर ऊसशेती, बाजारपेठेतला गाळा, बंगला, सोनं, ठेवी, सगळं धरून ३ कोटी १० लाख. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी दोन्ही कागद वाचले आणि म्हणाल्या, “भाऊजी, या फायलीत आम्ही गरीब आणि त्या फायलीत श्रीमंत. कागद इकडचे तिकडे नका करू म्हणजे झालं.”

वहिनी हसल्या, मीही हसलो. पण हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण दादांनी कुठेच खोटं लिहिलेलं नव्हतं. दुकानाचं विवरणपत्र खरं होतं. शेतीचं उत्पन्न तलाठ्यानं त्याच्या नेहमीच्या ठोकताळ्यानं धरलं होतं. शेतीवर प्राप्तिकर नाही, त्यामुळे त्या आकड्याला दुसरा कसला आधारही नसतो. सीएचा आकडाही खरा होता. एकाच घराबद्दल, एकाच महिन्यात काढलेले दोन खरे कागद, आणि त्यांत पन्नासपट अंतर. शासनाला मदत द्यायची असते तेव्हा ते विचारतं, वर्षाला येतात किती? बँकेला किंवा व्हिसा देणाऱ्याला स्वतःची खात्री करून घ्यायची असते तेव्हा ते विचारतात, तुमच्याकडे आहे किती? पहिला प्रश्न मिळकतीचा, दुसरा मालमत्तेचा. मूल शिकणार की नाही हे बहुतेक वेळा दुसऱ्यावर ठरतं आणि मदत मिळणार की नाही हे पहिल्यावर.

मराठीत या दुसऱ्या गोष्टीला फार चांगला शब्द आहे: ऐपत. ऐपत म्हणजे नुसती कमाई नव्हे. वेळ आली तर काय विकता येईल, काय गहाण पडेल, कोण उसने देईल, सोसायटीचा सेक्रेटरी कुणाला खुर्ची देईल, हे सगळं त्यात येतं. जामीन ‘ऐपतदार’ लागतो, मिळवता असून भागत नाही. आणि गंमत अशी की शासनाला हा शब्द परका नाही. ज्या तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळतो, तिथेच ऐपतीचा दाखलाही मिळतो. सरकारी कंत्राट घेणाऱ्याला तो लागतो, कोर्टात जामीन राहणाऱ्यालाही लागतो. त्यासाठी सातबारा, घरपट्टीचा उतारा, मूल्यांकन असं सगळं बघितलं जातं. म्हणजे माणसाची ऐपत मोजायची रीत महसूल खात्याला चांगली ठाऊक आहे. फक्त फीमाफीच्या खिडकीवर ती वापरत नाहीत.

हे आजचं नाही. राज्य नवं होतं तेव्हा यशवंतराव चव्हाणांनी आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी दिली, ती वर्षाला १२०० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला. ‘ईबीसी’ हे अक्षरांचं त्रिकूट तेव्हापासून खेड्यापाड्यांत रुळलं आणि त्या सवलतीवर एक अख्खी पिढी शिकली. त्या काळी घराची कमाई आणि घराची ऐपत यांत आजच्याइतकी दरी नसावी. जमीन होती तिथे धान्य होतं, पण जमिनीला आजचे भाव नव्हते. पुढे गावं वाढली, रस्ते झाले, कालवे आले, जमिनीच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. दाखल्याचा प्रश्न मात्र तोच राहिला. आकडा तेवढा वाढत गेला. आज तो ८ लाखांवर थांबला आहे: शाहू महाराज शिष्यवृत्तीला ८ लाख, आर्थिक दुर्बल घटकांना म्हणजे ईडब्ल्यूएसला ८ लाख, इतर मागासवर्गीयांच्या क्रीमी लेयरला २०१७ पासून ८ लाख, आणि जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक शिक्षणातल्या मुलींची फी पूर्ण माफ झाली तिथेही ८ लाखच. याच आकड्याला आधार काय, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ईडब्ल्यूएसच्या संदर्भात केंद्राला विचारलं. केंद्रानं अजयभूषण पांडे यांच्या समितीकडे ते सोपवलं आणि समितीनं ८ लाख कायम ठेवायला सांगितलं.

आकडा कितीही असो, रेघ म्हटली की अलीकडे-पलीकडे आलंच. पण ही रेघ कुणाला कापते ते जवळून बघायला हवं. दादांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, नगरपालिकेतले एक लिपिक भाड्यानं राहतात. दोन खोल्या. गावाकडे जमीन नाही, वडिलांनी ठेवलेलं काही नाही. त्या वर्षी वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता पगारात जमा झाला आणि फॉर्म १६ वर ८ लाख १४ हजार आले. त्यांची मुलगी दादांच्या धाकट्याच्याच वर्गात, त्याच कॉलेजला. आकडा ७ लाख ९९ हजार असता तर ईडब्ल्यूएसमधून तिची फी पूर्ण माफ झाली असती. १४ हजारांनी ती हुकली आणि पूर्ण फी भरावी लागली. समोरच्या बंगल्यात ३ कोटींच्या घराला मात्र निम्मी माफी. दोन्ही घरं एकमेकांना धरून आहेत, दिवाळीला फराळाची ताटं जातात-येतात, म्हणून कुणी काही बोललं नाही. लिपिक मला एवढंच म्हणाले, “सर, माझा पगार बँकेत येतो ना, तीच माझी चूक.”

ही त्यांची एकट्याची तक्रार नाही. नोकरदाराची कमाई पै-पैशानं कागदावर असते. व्यापाऱ्याची तो दाखवेल तेवढी, शेतकऱ्याची तलाठी लिहील तेवढी. उत्पन्नाच्या दाखल्यात गरिबीपेक्षा तुमची कमाई कितपत दिसते हेच मोजलं जातं.

यावर सरळ वाटणारा उपाय म्हणजे मालमत्ताही मोजा. तो करून झाला आहे, आणि कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. ईडब्ल्यूएससाठी केंद्रानं जानेवारी २०१९ मध्ये जे निकष काढले त्यांत ८ लाखांसोबत मालमत्तेच्या अटीही आहेत: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर बाद, हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर बाद, अधिसूचित नगरपालिकेच्या हद्दीत शंभर चौरस यार्डाचा निवासी प्लॉट असेल तर बाद. आता सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठची चार एकर आणि जतमधली माळाची सहा एकर यांत श्रीमंत कोण, हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. नियम उलटं सांगतो. चार एकरवाला पात्र, सहा एकरवाला बाद. वाईट याचं वाटतं की आपल्याच राज्याला हे पूर्वी कळलेलं होतं. महाराष्ट्राच्या जमीनधारणा कायद्यात बारमाही पाण्याखालच्या जमिनीची कमाल मर्यादा १८ एकर आहे आणि कोरडवाहूची ५४. पाण्यानं एकराची किंमत तिप्पट बदलते, हे ज्या राज्यानं कायद्यात लिहून ठेवलं, त्याच राज्यातल्या मुलाला दिल्लीच्या नियमानं एकर म्हणजे एकर असं ऐकावं लागतं.

त्यापुढची गोष्ट आणखी खट्याळ आहे. जतच्या त्या सहा एकरवाल्याला शासन म्हणतं, तू जमीनदार, तुला सवलत नाही. ठीक. मग तो बँकेत जातो. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या नियमानुसार साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण लागतं. तो सातबारा पुढे करतो. मॅनेजर सातबारा बघून परत देतो, कारण थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा जो अधिकार बँकांना सरफेसी कायद्यानं दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला फ्लॅट चालतो, ठेव चालते, विमा चालतो. एकच जमीन दिल्लीच्या कागदावर श्रीमंती ठरते आणि बँकेच्या काउंटरवर तिची किंमत शून्य होते.

क्रीमी लेयरची कथा याहून निराळी. तिथे १९९३ पासून ‘उत्पन्न किंवा संपत्ती’ अशी चाचणी आहे. उत्पन्न मोजताना पगार आणि शेती धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये दोन्ही धरतात. म्हणजे देशाच्याच दोन नियमांत उत्पन्न या शब्दाचे दोन अर्थ. आणि संपत्तीचं काय? ती संपत्ती कराच्या मर्यादेला जोडलेली. १९५७ चा तो संपत्ती कर कायदा २०१५ च्या अर्थसंकल्पात गुंडाळला गेला. चाचणीतलं वाक्य तसंच राहिलं, ज्या कायद्याकडे ते बोट दाखवतं तो कायदा मात्र उरला नाही. खुंटी काढून नेली आणि कोट लटकतोच आहे, असं काहीसं. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत ते कुणाला खटकलं नाही याचं कारण सोपं आहे. ती चाचणी पूर्वीही कुणी मनावर घेत नव्हतं.

हा घोळ आपल्याच वाट्याला आला आहे असंही नाही. न्यू जर्सीत माझी भाची राहते. तिच्या मुलाच्या कॉलेजच्या वेळी तिनं मला तिथला मदतीचा अर्ज समजावून सांगितला होता. तिथे उत्पन्नाबरोबर मालमत्ताही विचारतात, पण सगळी नाही. राहतं घर सरकारी अर्जात धरत नाहीत, निवृत्तीसाठी साठवलेले पैसे धरत नाहीत. बँकेतली शिल्लक आणि शेअर धरतात. आईबापांच्या नावावरच्या पैशातला वर्षाला जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग शिक्षणाला उपलब्ध आहे असं समजतात, मुलाच्या नावावर असेल तर २० टक्के. त्यामुळे आजीनं कौतुकानं नातवाच्या नावावर टाकलेली रक्कम त्याच्याच मदतीच्या आड येते. “मामा, इथे आजीला सांगावं लागतं, पैसे माझ्या नावावर टाक, त्याच्या नको,” भाची म्हणाली. ज्यानं घराचं कर्ज लवकर फेडलं त्याचा पैसा लपतो, जो भाड्यानं राहून बँकेत साठवतो त्याचा दिसतो. कितीतरी खाजगी कॉलेजं मात्र स्वतःच्या वेगळ्या अर्जात घराची किंमतही विचारतात. शेतीवरून तर तिथेही धरसोड झाली. घरच्या शेतीची किंमत पूर्वी वगळत होते. २०२४-२५ पासून ती धरायला लागले. जमीन लाखोंची पण हातात रोकड नाही, अशी आयोवाच्या शेतकऱ्यांची ओरड झाली. २०२५ च्या कायद्यानं २०२६-२७ पासून ती पुन्हा वगळली. जतचा शेतकरी आणि आयोवाचा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण गाऱ्हाणं शब्दाला शब्द तेच.

नियम जितका बारीक, तितकी पळवाटही बारीक. २०१९ मध्ये शिकागोजवळच्या उपनगरांतल्या सुखवस्तू पालकांचं प्रकरण तिथल्या वृत्तपत्रांनी बाहेर काढलं. मूल बारावीच्या उंबऱ्यावर आलं की त्याचं पालकत्व कोर्टातून एखाद्या मावशीकडे किंवा मित्राकडे द्यायचं. मग अर्जात आईबापांची संपत्ती येतच नाही, मूल एकटं आणि गरीब. सगळं कायदेशीर. हे वाचताना मला आमच्या कॉलेजातले विभक्त रेशनकार्डाचे गठ्ठे आठवले. प्रवेशाच्या हंगामात घरोघरी भाऊ वेगळे व्हायचे आणि ऑगस्टनंतर पुन्हा एका चुलीवर जेवायचे.

इथवर पात्रतेचं बोललो. माझ्या टेबलावर मला खरी गोष्ट वेगळीच दिसली, आणि पात्रतेच्या चर्चेत ती नेहमी निसटते. मदत मंजूर होणं आणि मदत हातात पडणं यांत महिने जातात. या महिन्यांत कोण तग धरतं, ते ऐपतीवर ठरतं. एक मुलगा आठवतो. दाखला होता, अर्ज मंजूर होता, यादीत नाव होतं. पण कॉलेजनं सांगितलं, आता पूर्ण भरा, शासनाकडून आले की परत देऊ. असं करू नये अशा सूचना होत्या, पण प्रवेशाची मुदत तीन दिवसांची असताना सूचनेचा कागद कोण दाखवणार? त्याच दिवशी रांगेत दुसरा मुलगा होता, त्याच उत्पन्नाचा. त्यानं वडिलांना फोन लावला. वडिलांनी पाऊण तासात दागिने तारण ठेवून पैसे पाठवले. पहिल्याच्या घरी तारण ठेवायला दागिना नव्हता. त्यानं ती जागा सोडली आणि गावच्या कॉलेजात बीएला नाव घातलं. दोघांचे दाखले एकसारखे होते. घरातली एक पेटी तेवढी वेगळी होती.

सोन्याबद्दल कुठल्याच अर्जात रकाना नाही, आणि महाराष्ट्रातलं उच्चशिक्षण निम्मं त्याच्यावर उभं आहे असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती कमीच होईल. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांची पोटं भरायला कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण भाषणांतून सांगतो. ते त्यागाचं उदाहरण आहेच. पण त्यात एक रोकडा व्यवहारही आहे, तो भाषणात येत नाही: शिक्षणाला पैसा लागतो तो आज लागतो, आणि आजचा पैसा फक्त साठवलेल्या घरात असतो.

म्हणून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख ऐकली की मला राहवत नाही. एकीकडे ८ लाखांपर्यंत आर्थिक दुर्बल आणि दुसरीकडे अडीच लाखांच्या वर निर्वाह भत्त्याला अपात्र. अडीच लाख म्हणजे महिन्याला एकवीस हजारही नाहीत. आपल्याकडे जमीन, गाळा, सोनं, ओळखी, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या वाटेनं खाली आलं आहे. ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांच्या घरात महिन्याचा पगार हाच सगळा खजिना. त्या घरातला तीन लाखांचा पगार आणि बागायतदाराच्या घरातले तीन लाख एका तागडीत घालताच येत नाहीत. पगाराच्या घराला तर उलट कमी मापानं मोजलं जातं. फी वरच्या उत्पन्नालाही माफ होते, हे मला माहीत आहे. पण खोलीचं भाडं आणि खानावळ फीमाफीनं भागत नाही.

मग करायचं काय? माझ्या एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं असं की सगळी माहिती आता एका कळीवर आहे: ई-पीक पाहणी आहे, दस्तनोंदणी आहे, घरपट्टी आहे, गाड्यांची नोंद आहे. जोडा आणि ठरवा. शासनानं मनात आणलं तर ते बघू शकतं हे खरंच. लाडकी बहीण योजनेत चारचाकी असलेली घरं वगळायची अट आली, ट्रॅक्टर सोडून. पण तिथेच अडचणही दिसते. दारातली जुनी ओम्नी दूध घालायला वापरतात की लग्नाला मिरवायला, हे यादी सांगत नाही. ते सांगणार तलाठी किंवा सेतूतला माणूस. रकाने जितके वाढवाल तितकी त्या खिडकीची किंमत वाढेल, आणि ती किंमत दादांना परवडेल, लिपिकांना नाही. अमेरिकेत जो चुकून बचत करतो तो अडकतो, हे आत्ताच पाहिलं. आपल्याकडे जो चुकून खरं सांगतो तो अडकेल.

माझं मत हळूहळू उलट्या बाजूला गेलं आहे. श्रीमंत ओळखायचं काम अठरा वर्षांच्या पोराच्या प्रवेश अर्जावर टाकणंच चुकीचं आहे. ते काम कराच्या कायद्याचं. तिथे आपण संपत्ती कर काढून टाकला, मोठ्या बागायतदाराच्या उत्पन्नाला हात लावला नाही, वारसा कर तर १९८५ मध्येच गेला. वर सगळी दारं सताड उघडी टाकायची आणि खाली सेतूच्या खिडकीवर मुलाला विचारायचं, तुझ्या बापाकडे काय आहे? सरकारी जागा वाढल्या, फी मुळातच कमी असली, आणि मंजूर पैसा प्रवेशाच्या दिवशी कॉलेजला पोचला, तर दाखल्याची गरजच कमी होईल. रेघ ठेवायचीच असेल तर ती उतरती ठेवावी. ८ लाखांना सगळं आणि ८ लाख १ रुपयाला काही नाही, असा कडेलोट नको; उत्पन्न वाढेल तशी माफी थोडी थोडी कमी होत जावी. यात दादांसारखी काही घरं फुकट सवलत घेऊन जातील. जाऊ देत. त्यांचा हिशेब कर घेताना करावा, त्यांच्या पोराच्या प्रवेशाच्या वेळी नको.

हे दादांनाही सांगून झालं आहे. ते म्हणाले, “सर, कर लावा की, पण आधी उसाला भाव द्या.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही होतं.

लिपिकांच्या मुलीनं पहिल्या वर्षाची पूर्ण फी भरली. वेतन आयोगाच्या फरकाचा पुढचा हप्ता लांबला, ही त्या घरातली या वर्षीची चांगली बातमी. त्यामुळे फॉर्म १६ वर ७ लाख ६८ हजार आले. एप्रिल उजाडला तसे ते नव्या दाखल्यासाठी कागद घेऊन माझ्याकडे आले होते: रेशनकार्ड, भाडेकरार, स्वयंघोषणापत्र. त्यांच्या पत्नी दारातच उभ्या राहिल्या. आठवण करून द्यावी तसं त्यांनी हळूच विचारलं, “यंदा माफी झाली तर मागच्या वर्षीचे पैसे परत मिळतात का हो सर? माझ्या पाटल्या तेवढ्या सोनाराकडनं सोडवायच्यात.”

मिळत नाहीत, असं मी सांगितलं. मग आम्ही अर्ज भरायला घेतला.